लाल देठाची लसूण

बकआय घळीत एप्रिल महिन्यात माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो. डोंगराच्या सावलीच्या अंगाचा बर्फ वितळला की वाळक्या पानांच्या गादीतून रॅम्प वर येतो. रॅम्प म्हणजे आमची रानलसूण. दोन-तीन रुंद हिरवी पानं, खाली बोटाएवढा पांढरा गड्डा, आणि दर्प असा की ती खाल्लेला माणूस चर्चमध्ये मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसतो. म्हणजे बसायला जातो. मागची बाकं त्या महिन्यात सगळ्यांत आधी भरलेली असतात.

त्यामुळे ड्रेमा लाइकन्सच्या तोंडाला त्या वर्षी वास येत नाही, ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती.

ड्रेमा अडुसष्टीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि बंबवाल्यांच्या हॉलमधल्या लसूणजेवणाची मुख्य स्वयंपाकीण. दर एप्रिलमध्ये त्या हॉलमधून आगीचा बंब बाहेर काढून उभा करतात आणि त्याच्या जागी टेबलं मांडतात. डुकराच्या चरबीत परतलेले बटाटे आणि लसूण, उकडलेला घेवडा, हॅम, मक्याचा पाव. त्या जेवणावर बंबाचं वर्षाचं डिझेल निघतं. ड्रेमा त्या कढईमागे उभी राहिली की गव्हर्नर आला तरी त्यानं रांगेतून यावं असा तिचा खाक्या.

वासाची गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली मोझेलच्या. मोझेल ड्रेमाची शाळेपासूनची मैत्रीण. घळीतल्या कुठल्या घरात काय शिजतंय हे त्या घरातल्या बाईच्या आधी तिला कळतं.

"ड्रेमा, जरा हा कर बघू."

"काय?"

"तोंड उघड. हा कर." मोझेलनं नाक पुढं केलं. "पेपरमिंट?"

"दातांची पेस्ट आहे."

"एप्रिलमध्ये?"

"पोटाला सोसत नाही आताशा लसूण."

"तुझ्या पोटाला? अगं, तुझ्या लग्नात तू आदल्या दिवशी पसाभर खाऊन आलीस. पाद्रीबाबानं खिडकी उघडून मग शपथा घ्यायला लावल्या. तुझ्या पोटाला काय धाड भरलीय?"

ड्रेमा बटाटे सोलत राहिली. मोझेलनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि मग स्वतःशीच हसली. त्या हसण्यातून जे निघालं ते दोन दिवसांत पेट्रोल पंपापर्यंत पोचलं. ड्रेमानं माणूस गाठलाय. नाहीतर आमच्याकडची बाई एप्रिलमध्ये तोंड गोड ठेवेल कशाला? शिवाय गेल्या ऑक्टोबरात तिला वरच्या डोंगरावरून उतरताना दोघांनी पाहिलं होतं. गुडघ्यांना चिखल, केसांत वाळकी पानं, आणि खांद्यावर रिकामं पोतं. रिकामं पोतं घेऊन बाई डोंगरावर कशाला जाते, याचा विचार लोकांनी चवीनं केला. शाळेची बस चालवणाऱ्या विधुराचं नाव पुढं आलं. त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही, पण त्यानंही दाढी जरा नीट करायला सुरुवात केली म्हणतात.

ड्रेमानं एकदाही नाही म्हटलं नाही. एकदा तर ती थोडी लाजलीसुद्धा. बसवाल्याशी नाव जोडलं जाणं तिला परवडत होतं. खरं जे होतं ते बाहेर पडणं परवडत नव्हतं.

खरं होतं ते ओकी सटफिनच्या ताटव्याचं.

आमच्याकडं रानलसणीचा ताटवा कुणी कुणाला दाखवत नाही. जमिनीचे कागद कुणाच्याही नावावर असोत, ताटवा ज्याच्या बापानं राखला त्याचा. ताटव्याकडं जाताना माणूस गाडी एका ओढ्यापाशी लावतो आणि चढतो भलतीकडून, ओल्या मातीवर पाय न ठेवता दगडादगडांवरून. येताना पिशवीवर चार बिनकामाची पानं पसरतो. वाटेत भेटलेला विचारतो, "मिळाली का?" उत्तर एकच असतं, "जेवणापुरती." कुठं मिळाली हे विचारणं म्हणजे घरात शिरून पलंगाखाली वाकून बघण्यासारखं.

ओकी पंच्याऐंशीचा. त्याचा ताटवा घळीतला सगळ्यांत जुना, असं नुसतं ऐकून माहीत होतं. लाल देठाची लसूण, रुंद पानाची, तिखट. बाकी बऱ्याच जणांकडं आहे ती पांढऱ्या देठाची, अरुंद पानाची, जरा मवाळ. ड्रेमाच्या माहेरची तीच. दोन्ही खाणाऱ्याला डोळे बांधूनही फरक कळतो आणि डोळे उघडे असतील तर लहान मुलालाही.

दीड वर्षापूर्वी ओकी पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. लेक रोंडा ओहायोतून येऊन राहिली, पण ताटव्याची जागा त्यानं लेकीलाही सांगितली नाही.

"ती फोटो काढील," तो म्हणाला. "आणि तो फोनवर टाकील. पुढच्या वर्षी तिथं बसथांबा होईल." मग सूप घेऊन आलेल्या ड्रेमाला त्यानं जवळ बोलावलं. "तुझी जीभ सैल आहे, पोरी. पण लसणीच्या बाबतीत तू थडगं आहेस. ऐक."

त्यानं जागा सांगितली. जुळ्या खोडाच्या बीचच्या झाडावरून वर, पाण्याच्या झऱ्याला उजवीकडं टाकून, पडलेल्या ओंडक्यापर्यंत. आणि त्याच्या बापाचा नेमही सांगितला. एका रोपाचं एक पान घ्यायचं, तेही तीन पानं असतील त्याचं. गड्डा मातीचा, त्याला हात लावायचा नाही. ओंडक्याच्या वर जायचं नाही.

"बंबवाल्यांच्या जेवणाला थोडी ने माझ्या नावानं," तो म्हणाला. "मला आता तिथं वर कोण नेतंय."

ड्रेमा हे नेम जगाला शिकवायची. हॉलमध्ये कुणी गड्ड्यासकट जुडी आणली की ती त्याला सगळ्यांसमोर ऐकवायची, "बी पडल्यापासून खाण्याजोगी व्हायला हिला सहा-सात वर्षं लागतात. तू कुदळीनं सहा मिनिटांत उपटलीस. शाबास." नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच, असं मोझेल मागून म्हणायची.

आणि त्यानंतरच्या एप्रिलमध्ये पलीकडच्या खोऱ्यातल्या चर्चनं आपलं लसूणजेवण आमच्याच शनिवारी ठेवलं. तिकडं अख्खे गड्डे तळून वाढतात अशी जाहिरात लागली. बंबवाल्यांचा कॅप्टन ड्रेमापाशी येऊन टोपी फिरवत उभा राहिला. "मावशी, लोक म्हणतात की आपल्याकडं नुसता पाला असतो." त्यात उशिरा बर्फ पडलेला, लोकांनी आणलेली पानं कुजकी. शुक्रवारी दुपारी टोपलं अर्धंसुद्धा भरलं नव्हतं.

ड्रेमा ओकीच्या ताटव्यावर गेली. कुदळ घेऊन गेली. 'कडेचा एक कोपरा,' ती स्वतःला सांगत होती. 'त्यानंच तर ने म्हटलंय.'

तिथली माती काळी, पावासारखी मऊ. कुदळीचा नुसता स्पर्श झाला की गड्ड्यांचा झुबका वर यायचा, लाल देठांचा, ओला, चमकणारा. एक झुबका उचलला की खाली दुसरा दिसायचा. पलीकडच्या चर्चच्या बायकांची तोंडं कशी होतील हे तिला दिसत होतं. तिला हसू येत होतं. ती गुणगुणतही असेल. पोतं भरलं, दुसरं भरलं, आणि ओंडक्याला गुडघे लागले तेव्हा ती वळली.

खाली ओंडक्यापासून झऱ्यापर्यंत डोंगर रानडुकरांनी उकरल्यासारखा दिसत होता.

तिनं पाला ओढून झाकायचा प्रयत्न केला. मग पोती उचलून खाली आली, कारण जेवण दुसऱ्या दिवशी होतं.

जेवण असं झालं की लोक अजून सांगतात. रांग रस्त्यापर्यंत गेली. पलीकडच्या चर्चचे दोघं गुपचूप येऊन जेवून गेले. कॅप्टननं ड्रेमाच्या नावानं टाळ्या वाजवायला लावल्या. तिनं ओकीसाठी ताट भरून घरी पाठवलं. बाजूला मिठाबरोबर खायला चार कच्चे गड्डे, धुऊन, देठासकट. संध्याकाळी ती रिकामं ताट आणायला गेली, तर म्हाताऱ्यानं ते पुसून खाल्लेलं.

"कुणाच्या ताटव्यातली गं?" त्यानं विचारलं.

"माझ्या," ड्रेमा म्हणाली.

"छान होती. आणखी असेल तर आण."

तिनं आणखी नेऊन दिली. त्या दिवसापासून तिच्या तोंडात लसूण गेली नाही. घास तोंडाशी आला की त्या काळ्या मातीचा वास यायचा.

ओकीला आता वर जाता येत नव्हतं, पण विचारता येत होतं. दर वेळी ती सूप घेऊन गेली की तो खुर्चीतून विचारायचा, "ताटवा कसा आहे?" पहिल्यांदा ती म्हणाली, "बरा आहे." मग "दाट आहे." जुलैमध्ये ती म्हणाली की लसणीला एवढी फुलं आलीत की पाय ठेवायला जागा नाही. तो डोळे मिटून ऐकायचा. "पाय ठेवायला जागा नाही," तो म्हणायचा. "वा." आणि ड्रेमा घरी जाऊन जेवायची नाही.

ऑक्टोबरात तिनं ठरवलं. लसणीची पानं तेव्हा केव्हाच गेलेली असतात, जमिनीत नुसते गड्डे झोपलेले. स्वतःच्या माहेरच्या ताटव्यातून ती गड्डे काढायची, पोत्यात ओल्या पाल्यात गुंडाळायची आणि ओकीच्या डोंगरावर नेऊन गुडघ्यांवर बसून एकेक लावायची. आईनं राखलेला आपला ताटवा तिनं विरळ केला, पण ओकीचा डोंगर झाकला. लोकांनी पुढं तिच्या गुडघ्यांवरच्या याच चिखलाची भलतीच कारणं शोधली. शेवटचं पोतं रिकामं झालं त्या दिवशी तिला पहिल्यांदा पोटभर झोप लागली.

पुढच्या एप्रिलमध्ये ती बघायला गेली. गड्डे उगवले होते. अरुंद पानांचे, पांढऱ्या देठांचे, सगळा डोंगरभर.

जमिनीत झोपलेला गड्डा लाल देठाचा की पांढऱ्या, हे दिसत नाही. पण तिला ते दिसायची काय गरज होती? आपल्या माहेरची लसूण पांढरी, हे ती जन्मापासून खात आली होती. चोरीची घाई इतकी नसते जितकी चोरी झाकायची असते. ड्रेमा वरच्या उताराकडं पाठ करून ओंडक्यावर बसली, मान खाली घालून.

दोन दिवसांनी रोंडा दारात आली.

"ड्रेमामावशी, डॅडींनी हट्ट धरलाय. वर जायचं म्हणतात, ताटवा बघायला. डॉक्टर म्हणतात की हृदय काही खरं नाही, जे करायचंय ते करू द्या. शेजारच्यांची ती डोंगरावर चढणारी उघडी गाडी मिळालीय. पण वाट फक्त तुम्हालाच ठाऊक म्हणे."

"वर अजून गार आहे. त्यांना बाधेल."

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, 'पाय ठेवायला जागा नाही असं ड्रेमा म्हणते, मला ती जागा बघायचीय.'"

ड्रेमाला रात्रंदिवस एकच वाटत राहिलं, गाडी बिघडावी. पाऊस यावा. देवा, मला ताप आण. शनिवार कोरडा, लख्ख उजाडला आणि तिची तब्येत ठणठणीत.

जुळ्या बीचपाशी ओकीनं गाडी थांबवायला लावली.

"तू इथंच बस," तो लेकीला म्हणाला.

"डॅडी, मी तुमची मुलगी आहे."

"म्हणूनच नुसतं सांगतोय. दुसरं कुणी असतं तर डोळे बांधून आणलं असतं."

रोंडा हसत गाडीत बसून राहिली. ड्रेमानं म्हाताऱ्याला काखेत धरलं. त्याच्या दुसऱ्या हातात काठी. उरलेली वाट थोडीच होती, पण तिला वाटलं ती संपू नये. झरा उजवीकडं मागं पडला आणि ओकी थांबला.

डोंगर हिरवा होता, खालपासून वरपर्यंत. त्यानं बघितलं. मग काठीच्या टोकानं एका रोपाचं पान हळूच बाजूला केलं. पांढरा देठ. दुसऱ्याचं. पांढरा.

"अरे देवा," ओकी म्हणाला. "माझ्याबरोबर माझी लसूणही पिकली वाटतं."

ड्रेमा काठीच्या टोकाकडं बघत होती.

"का गं, डुकरं आली होती का?"

सुटायला वाट होती. रानडुकरं येतात आमच्याकडं, अख्खा उतार एका रात्रीत उलथून टाकतात. तिनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आणि तिनं मान हलवली, पण आडवी.

"मी आले होते, ओकीकाका. कुदळ घेऊन."

"हं."

"गेल्या वर्षीच्या जेवणाला. दोन पोती. आणि तुम्हाला म्हटलं की माझ्या ताटव्यातली."

"ते मला माहीत आहे."

ती झटकन त्याच्याकडं वळली.

"तू चार कच्चे गड्डे पाठवलेस देठासकट," ओकी म्हणाला. "लाल देठ. पंच्याऐंशी वर्षं ज्या देठाला दात लावले तो मी ओळखणार नाही? माझा खुबा मोडलाय, पोरी. डोळे नाही."

"मग बोलला का नाहीत? वर्षभर विचारत होतात, कसा आहे, कसा आहे..."

"तुला सांगायला वाट करून देत होतो. तू फुलं सांगत बसलीस." त्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "आणि मी बोलणार कुठल्या तोंडानं? माझ्या बापाचा नेम, गड्ड्याला हात लावायचा नाही. मी ते चार ओळखले आणि खाल्ले. वर आणखी मागवून खाल्ले. साठ वर्षं नुसती पानं खाल्ली होती, ड्रेमा. गड्डा कसा लागतो ते विसरलो होतो. रात्रभर मला लाज वाटली, आणि रात्रभर तोंडात चव होती."

मग त्यानं एक हात काठीवरून काढून तिच्या दंडावर ठेवला.

"वर बघ," तो म्हणाला. "ओंडक्याच्या वर."

ओंडक्यापलीकडं, जिथं पोचायच्या आधीच पोती भरल्यामुळं ती वळली होती, तिथं लाल देठांची एक पट्टी उभी होती. रुंद पानांची. एका चादरीएवढी असेल.

"तो नेम याचसाठी आहे. माझ्या आजोबांनीही एकदा सगळं उपटून विकलं होतं. घरात ते कुणी बोलायचं नाही, पण ओंडका तेव्हापासून आहे. हा सडला की त्याच जागी नवा टाकायचा." तो वाकू शकत नव्हता, म्हणून त्यानं काठीनं दाखवलं. "एक पान घे. एकच."

तिनं घेतलं.

"खा."

"नाही जाणार, ओकीकाका."

"मी एकट्यानंच खाल्ल्याचं ओझं का वाहू? खा."

तिनं खाल्लं. तिखट इतकं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याला ते कारण बरं झालं.

उतरताना ओकी एवढंच म्हणाला, "सगळ्यांना सांगत फिरू नकोस. फक्त मोझेलला सांग."

त्याहून कडक शिक्षा आमच्या घळीत कुणाला कुणी दिलेली नाही.

त्याच दुपारी हॉलमध्ये यंदाच्या जेवणाचे बटाटे सोलायला बायका बसल्या होत्या. ड्रेमा मोझेलशेजारी येऊन बसली आणि मोझेलचं नाक लगेच वर झालं.

"आज येतोय वास. काय गं, सोडून गेला वाटतं?"

"माणूस नव्हता, मोझेल."

"बसवाला नाही, तर कोण?"

"कुणीच नव्हतं. पोत्यात गड्डे होते." आणि तिनं सांगितलं. कुदळ, दोन पोती, ताट, जुलैतली फुलं, पांढरे देठ. काही गाळलं नाही.

मोझेलचा चेहरा आधी पडला. इतके दिवस जपलेली गोष्ट हातातून जाताना माणसाचा पडतो तसा. "म्हणजे माणूस नव्हताच," ती म्हणाली. मग तिच्या डोक्यात बाकीचं उतरलं. तिनं सुरी खाली ठेवली.

"ओकीचा ताटवा? तू?"

"मी."

"आणि त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या."

"हो."

मोझेल काहीच बोलली नाही. तिच्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही. थोड्या वेळानं तिनं बटाट्यांचं टोपलं ओढून दोघींच्या मध्ये ठेवलं आणि दोघी सोलत राहिल्या.

संध्याकाळी हॉलमध्ये नुसती पानं वाढली गेली. कॅप्टन काही म्हणायला आला आणि मोझेलनं त्याच्याकडं असं बघितलं की तो बंब पुसायला निघून गेला. सोमवारपर्यंत सगळ्या घळीला कळलं. ड्रेमाला कुणी उणं बोललं नाही, चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली नाही. पण डोंगराकडं निघालेला माणूस ती दिसली की ओढ्यापाशीच थांबायचा, बुटाची नाडी बांधायचा, ती लांब गेली की मग वर वळायचा. आधी तिच्यासमोर लोक बिनधास्त चढायचे. थडगं म्हणायचे तिला. बसवाल्यानं दाढी पुन्हा वाढवली.

सप्टेंबरात लसणीचं बी तयार होतं. पानं नसतात, नुसती एक वाळकी काडी आणि टोकाला काळे चकचकीत मणी. ड्रेमानं ओंडक्याच्या वरच्या लाल पट्टीतल्या निम्म्या काड्यांवरचं बी घेतलं, निम्मं तिथंच पडायला ठेवलं. मग पांढरीच्या मधून मधून पाला बाजूला करून ते ओल्या मातीवर दाबलं आणि पाला परत ओढला. त्यातलं दिसायला लागायलाच दुसरं वर्ष उजाडणार होतं, आणि त्यातलं खायला कोण असेल हे सांगता येत नव्हतं.

मूठभर मणी तिनं ओकीला दाखवायला आणले. तो ओसरीवर घोंगडी पांघरून बसला होता, पहिल्यापेक्षा निम्मा झालेला. त्यानं एक मणी बोटांत धरून उन्हात फिरवला.

"ताटवा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"वाईट आहे," ड्रेमा म्हणाली. "वर चादरीएवढी लाल आहे. बाकी सगळी माझी पांढरी. बी टाकलंय. येईल की नाही, माहीत नाही."

ओकीनं मान हलवली आणि मणी तिच्या तळहातावर परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन गेली, तर त्यानं पुन्हा विचारलं. विसरला नव्हता, डोळ्यांत मिश्कील चमक तशीच होती. ड्रेमानं सूप खाली ठेवलं, त्याच्यासमोर बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.